संगणक सुरूच होत नाही तेव्हा

ग्रामपंचायत आणि शाळा यांच्या दैनंदिन कामात संगणकाला आता नोंदवहीइतकेच महत्त्व आले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत पंचायतींचे विकास आराखडे व खर्चाचे हिशेब नोंदविले जातात. अशा वेळी बटण दाबूनही यंत्र निश्चल राहिले, तर दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थाला रिकाम्या हाताने परतावे लागते. तथापि, यातील अनेक दोष संगणकाच्या पेटीबाहेरचे असतात व ते कार्यालयातील कोणालाही शोधता येतात. त्यासाठी वीज ज्या मार्गाने येते, त्याच मार्गाने भिंतीपासून यंत्रापर्यंत क्रमाने तपासणी करावी.

भिंतीपासून पेटीपर्यंत

प्रथम त्याच सॉकेटमध्ये दिवा किंवा मोबाईलचा चार्जर लावून वीज येते की नाही ते पाहावे. त्यानंतर यूपीएसकडे वळावे. त्यातील बॅटरी साधारणतः तीन ते पाच वर्षांत निकामी होते. आणि बॅटरी गेली की काही यूपीएस वीज असतानाही सुरू होत नाहीत. म्हणून तपासणीपुरता संगणक थेट भिंतीवरील तीन पिनांच्या सॉकेटला जोडावा. तो सुरू झाल्यास दोष यूपीएसचा, हे स्पष्ट होते.

तरीही यंत्र बंदच राहिल्यास केबल बदलून पाहावी. मॉनिटरची केबल बहुधा त्याच प्रकारची असते. पेटीच्या मागे खटका असल्यास तो 'शून्य' या खुणेकडे नाही ना, हेही पाहावे. झाडलोट करताना तो नकळत बंद होतो. यानंतर केबल काढून दर्शनी बटण पंधरा सेकंद दाबून धरावे व केबल पुन्हा जोडून प्रयत्न करावा. साठून राहिलेला विद्युतभार निघून गेल्याने काही वेळा एवढ्यानेच काम होते.

लक्षणे काय सांगतात?

दिवा नाही, पंखाही फिरत नाही, अशी स्थिती कायम राहिल्यास संशय एसएमपीएसवर जातो. २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये करणारा हा भाग होय. मात्र मदरबोर्डवरील छोटा दिवा लागलेला असेल, तर दर्शनी बटण किंवा त्याची बारीक तारही सदोष असू शकते.

पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर प्रिंटर, पेनड्राइव्ह आदी सर्व जोडण्या काढून पुन्हा पाहावे. पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, तेव्हा विजेचा दोष गृहीत धरू नये. आधी मॉनिटर व त्याची केबल तपासावी. पावसाळी दमटपणामुळे रॅमच्या पट्टीच्या जोडणीवर थर साचतो. वीजजोडणी पूर्ण काढून, पेटीच्या धातूला हात लावून ही पट्टी बाहेर काढावी, तिची सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसावी आणि ती पुन्हा घट्ट बसवावी.

दक्षता

एसएमपीएसची पेटी कोणीही उघडू नये. केबल काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा भार काही काळ राहू शकतो. जळका वास, धूर किंवा ठिणगी दिसल्यास मुख्य खटका बंद करून तंत्रज्ञास बोलवावे. केबलची अर्थिंगची पिन मोडून ती दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसविण्याची सवय घातक आहे. वळवाच्या पावसात विजांचा कडकडाट सुरू होताच केबल भिंतीपासून काढून ठेवणे इष्ट ठरते.

नोंदींची सुरक्षितता

एसएमपीएस बिघडला म्हणून कर आकारणीची नोंदवही किंवा विद्यार्थ्यांच्या याद्या सहसा नष्ट होत नाहीत. त्या हार्ड डिस्कवर असतात आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून वाचता येते. विजेचा दोष काढण्यासाठी डिस्क पुसण्याची, म्हणजेच फॉरमॅट करण्याची गरज नसते. दुरुस्तीस यंत्र देताना ही सूचना लेखी द्यावी. शक्य तर डिस्क काढून कार्यालयात ठेवावी व यंत्राची पोच घ्यावी. काय तपासले आणि काय आढळले याची तारखेसह टिपणी सोबत दिल्यास तंत्रज्ञाचा वेळ व कार्यालयाचा खर्च, दोन्ही वाचतात.

आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती कपाटात कुलूपबंद ठेवावी. तेवढी शिस्त पाळल्यास यंत्र बंद पडले तरी ग्रामस्थांचे काम दुसऱ्या संगणकावर चालू राहील.