घराची डागडुजी

मुलांनो, नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे पुढे गेले, की डोंगराळ मुलखात हरसूल हे बाजाराचे गाव लागते. गावाच्या भोवती आदिवासींचे पाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्यात येथे पाऊस धो धो कोसळतो. त्यामुळे घर बांधणारा किंवा दुरुस्त करणारा कारागीर सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो. पाणी कोठून येईल आणि कोठून जाईल?

या भागातील जुन्या पद्धतीचे घर तुम्ही पाहिले आहे का? लाकडी खांबांच्या मध्ये कारवीच्या काठ्या उभ्या बांधतात आणि त्यांवर माती व शेण यांचा लेप देतात. अशा भिंतीला कूड म्हणतात. कारवी हे सह्याद्रीत उगवणारे झुडूप आहे. ते साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळून जाते. त्याच्या सरळ, हलक्या काठ्या भिंतीच्या कामी येतात. कुडाचा लेप कोठे पडला, तर ओंजळभर ओली माती घेऊन घरची बाईसुद्धा तो बुजवू शकते. आता पत्र्याची आणि स्लॅबची घरेही पुष्कळ झाली आहेत. पण स्वतःच्या हातांनी दुरुस्त करता येणारे घर ही काही लहान गोष्ट नव्हे!

पाऊस सुरू होण्यापूर्वी कौलारू घराचे छप्पर नीट करून घ्यावे लागते. या कामाला शाकारणी म्हणतात. जुनी कौले उतरवतात, झटकतात, फुटकी बाजूला काढतात आणि कुजलेल्या रिपा बदलतात. मग कौले पुन्हा बसवतात. बसवताना सुरुवात खालून, म्हणजे वळचणीकडून करतात आणि वर आढ्यापर्यंत जातात. का बरे? वरचे कौल खालच्या कौलावर चढले पाहिजे, म्हणजे पाणी घसरत खाली जाते. उलटे बसवले, तर तेच पाणी घरात येईल. चपट्या कौलांना आपण मंगलोरी कौले म्हणतो, कारण बासेल मिशनने 1865 मध्ये मंगलोरला अशा कौलांचा कारखाना काढला होता. त्याआधी आणि नंतरही गावोगावचे कुंभार नळीची कौले घडवत असत.

आता एक गंमत ऐका. पाणी जेथे टपकते, तेथेच वर भोक असते असे नाही. फुटक्या कौलातून आत आलेले पाणी वाशाच्या अंगाने वाहत जाते आणि चार हात पुढे खाली पडते. नवखा माणूस टपकत्या जागेवरचे कौल बदलतो, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या सरीला धान्याची कणगी पुन्हा भिजते. जाणता मिस्त्री दिवसा घरात उभा राहून वर पाहतो. अंधाऱ्या छपरातून उजेडाचा ठिपका दिसला, की त्याला जागा सापडते.

जमीन करणे हे दुसरे मोठे काम. जुनी जमीन उकरतात, मुरूम व माती पसरतात, पाणी शिंपडतात आणि धुम्मसने ठोकतात. नंतर लाकडी चोपण्याने चोपून गुळगुळीत करतात आणि शेवटी शेणाने सारवतात. सुकताना भेगा पडल्या, की पुन्हा चोपावे लागते. घाई केलेली जमीन लवकर उखडते.

हरसूल भागातील बरीच माणसे भातशेतीचे दिवस संपले, की मजुरीसाठी नाशिककडे जातात. कोणी द्राक्षबागेत, तर कोणी बांधकामावर. शहरातील घरांत त्यांना वेगळीच जमीन दिसते. शहाबादी फरशी आणि टाइल्स तर असतातच, पण काही घरांत लाकडासारखी दिसणारी लॅमिनेट फरशीही असते. ही युक्ती स्वीडनमधील एका कंपनीने 1977 मध्ये काढली. लाकडाचा भुसा व तंतू दाबून फळी करतात, वर लाकडाचे चित्र छापलेला कागद बसवतात आणि त्यावर कठीण पारदर्शक थर देतात.

या फळ्यांना खिळे मारत नाहीत. खाली पातळ फोम अंथरून त्या एकमेकींत अडकवतात. हवेतील ओलाव्याने फळी फुगते, म्हणून भिंतीजवळ 8 ते 10 मिलिमीटर फट सोडतात आणि ती पट्टीने झाकतात. फट सोडली नाही, तर जमीन मधेच उचलली जाते. गठ्ठेही दोन दिवस त्याच खोलीत ठेवून मग उघडतात.

परंतु खालच्या जमिनीत ओल असेल तर? फळीच्या कडा फुगतात आणि मग काही केल्या पूर्वीसारख्या होत नाहीत. घरमालकाचे सगळे पैसे वाया जातात. म्हणून चांगला कारागीर आधी प्लॅस्टिकचा एक चौकोनी तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करतो. दोन दिवसांनी तो उचलून पाहतो. खाली पाण्याचे थेंब जमले असतील, तर तो मालकाला सांगतो, ‘‘साहेब, आत्ता फरशी टाकू नका. आधी ओल कोठून येते ते शोधू.’’ असे सांगितले, की त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. तरीही तो सांगतो.

या कारागिरांची भाषाही लक्ष देऊन ऐका. फरशी, दुरुस्ती, मजूर, कारागीर, गिलावा हे शब्द मराठीत फारसीतून आले. तुम्हाला ते उर्दूतून आधीच ओळखीचे असतील. मिस्त्री हा शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आला. आणि भिंत सरळ आहे का ते पाहण्यासाठी दोरीला बांधून सोडतात, तो ओळंबा. त्याला तुम्ही साहूल म्हणता.

स्वाध्याय

1. कौले खालून वर का बसवतात?
2. लॅमिनेट फरशी बसवताना भिंतीजवळ फट का सोडतात?
3. तुमच्या घराच्या दुरुस्तीला कोणी मिस्त्री आले, तर त्यांच्या हत्यारांची नावे विचारा आणि मराठी व उर्दू दोन्ही भाषांत लिहा.