जुन्यावर नवा बोर्ड मारू देऊ नका

"जुना बोर्ड पूर्ण काढा, मगच नवा लावा." ठेकेदाराला मी हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं होतं आणि त्याने अंगठाही टाकला होता. तरी आम्ही दोघं ऑफिसला गेल्यावर पार्टिशनच्या जुन्या हार्डबोर्डावरच नवा एमडीएफ ठोकला गेला. वर पुट्टी, त्यावर रंग.

पाऊस लागला आणि बाथरूमकडच्या पार्टिशनचा खालचा वीतभर भाग फुगला. रंगाला फोड आले. स्कर्टिंगचा स्क्रू बोटाने ओढताच बाहेर आला, पाठोपाठ तपकिरी भुसा सांडला. दुसऱ्या सुताराकडून चौकोन कापून घेतला, तर आत तोच जुना बोर्ड, काळा पडलेला, आणि त्यावरून वाळवीची मातीची नळी थेट फ्रेमपर्यंत चढलेली. माझं डोकंच फिरलं. ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, "ताई, तुम्ही लादी फार पाण्याने पुसता. शिवाय वसईची हवा दमट." अहो, हवा दमट म्हणूनच तर काढायला सांगितला होता! मेसेज दाखवल्यावर म्हणाला, मजुरांनी ऐकलं नाही. बिलात मात्र जुना बोर्ड तोडल्याची मजुरी लावलेली होती. ती रक्कम अजून परत आलेली नाही.

म्हणून सांगते, तोडलेला बोर्ड डोळ्यांनी बघा, उघड्या फ्रेमचे फोटो घ्या, तोवर नवा बोर्ड घरात येऊ देऊ नका. ओल कुठून येते ते आधी शोधा: टाइल्सचे सांधे, भिंतीतली पाइपलाइन. वाळवीचं औषध फ्रेम उघडी असतानाच मारून घ्या. एमडीएफ म्हणजे दाबलेले लाकडी तंतू, तो कापलेल्या कडेतून पाणी ओढतो. त्यामुळे कडांना आधी प्रायमर, आणि बोर्ड लादीला टेकवायचा नाही, थोडी फट ठेवून ती सिलिकॉनने भरायची. बाथरूमच्या बाजूला तर एमडीएफ नकोच, फायबर सिमेंट बोर्ड लावा. कोणी 'मरीन प्लाय' म्हणालं तर शिक्क्यावर आयएस 710 आहे का पाहा. 303 म्हणजे मरीन नव्हे. 'वॉटरप्रूफ' म्हणणाऱ्याकडून तुकडा मागून रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी कडेची जाडी मोजा.

कटकट नको म्हणून विटांची भिंत घालायचा सल्ला आम्हालाही मिळाला. पण विटांचं वजन घनमीटरला 1800 किलोच्या आसपास, सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकचं साधारण 600 ते 650. ऑगस्ट 2025 मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून 17 माणसं गेली. त्यानंतर तरी जुन्या इमारतीवर अंदाजाने वजन चढवू नये. इंजिनियरला दाखवा, सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

जुन्या चाळीत करड्या सिमेंट पत्र्याची आडभिंत असेल तर ग्राइंडर लावू देऊ नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पाणी मारून अख्खा पत्रा उतरवायचा, तोंडाला चांगला मास्क, मुलं घराबाहेर.

स्वस्तातलं कोटेशन बघून भुलू नका, चार ठिकाणी विचारा. आणि शेवटचा हप्ता पावसाळा उलटल्यावर, असं काम सुरू होण्याआधीच कागदावर लिहून सही घ्या. सहीला नाही म्हणाला तर दुसरा ठेकेदार बघा.