निसर्गकेंद्रांतील प्रौढ स्वयंसेवक आणि द्रव्यपरिचय

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व अन्य वनवासी औषधींना नाम व रूप यांनी ओळखतात, असे सांगितले आहे. मात्र केवळ नामरूपज्ञानाने औषधींची योजना कळत नाही, हेही आचार्य तेथेच स्पष्ट करतात. परिचय आणि योजना ही दोन भिन्न ज्ञाने होत. पहिले ज्ञान देणारा गुराखी आज दुर्लभ झाला आहे. निसर्गकेंद्रांतील प्रशिक्षित प्रौढ स्वयंसेवक त्याची उणीव काही अंशी भरून काढू शकेल, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप

अशा प्रशिक्षणाचा एक सुव्यवस्थित नमुना अमेरिकेतील टेक्सास राज्यात आढळतो. तेथे १९९८ पासून 'मास्टर नॅचरलिस्ट' हा उपक्रम राज्यभर चालतो. कोणाही प्रौढ नागरिकास त्यात प्रवेश मिळतो. किमान ४० तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर ४० तासांची सेवा व ८ तासांचे प्रगत अध्ययन, असा त्याचा क्रम आहे. सेवा व अध्ययन दरवर्षी चालू ठावे लागते. श्रवणास कर्माभ्यासाची जोड असावी, हे आपल्या परंपरेसही मान्य आहे.

आपल्याकडेही अशा अभ्यासास योग्य स्थाने आहेत. मुंबईत मिठी नदीकाठी पूर्वीच्या कचराभूमीवर वृक्षारोपण करून उभारलेले व १९९४ मध्ये खुले झालेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे त्यांपैकी एक होय.

वैद्याने शिकवावयाचे पाठ

१. अशोक : खऱ्या अशोकाचे पान संयुक्त व फुले नारिंगी-तांबडी असतात. रस्त्याकडेच्या उंच, खोट्या अशोकाचे पान साधे, कडा नागमोडी व फुले हिरवट असतात. बाजारात केवळ वाळलेली साल येते. तेथे पान वा फूल साक्षीस नसते. म्हणून ओळख झाडापाशीच पटवावी.

२. ब्राह्मी : ब्राह्मी व मंडूकपर्णी दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. पहिलीची पाने लहान, मांसल व समोरासमोर. दुसरीची वाटोळी, वृक्काकार व लांब देठाची.

३. कळलावी : उपविषांत गणलेली ही वेल पावसाळ्यात पानांच्या टोकाशी असलेल्या ताणांवरून व पिवळ्या-लाल फुलांवरून सहज ओळखता येते. पुढे वेल वाळते आणि जमिनीत फक्त विषारी कंद उरतो. एका ऋतूतील भेटीवर विसंबणे प्राणघातक ठरू शकते, हा धडा यातून घ्यावा.

मर्यादा

स्वयंसेवकाने वनस्पती दाखवावी, तिची नोंद ठेवावी. रोग्यास औषध सुचवू नये. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीविना वनस्पती काढणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये निषिद्ध आहे, हे त्यास आरंभीच सांगावे. औषधालयचालकांनीही स्वयंसेवकांकडे कच्च्या मालाचे संग्राहक म्हणून पाहू नये. अन्यथा संरक्षणासाठी दिलेले ज्ञानच वनस्पतींच्या नाशास कारण होईल.

उपसंहार

संदिग्ध द्रव्य औषधात गेल्यास दोष शास्त्राला लागतो आणि हानी रुग्णाची होते. म्हणून प्रत्येक वैद्याने जवळच्या निसर्गकेंद्रात प्रत्येक ऋतूत निदान एक पाठ द्यावा. औषधालयचालकांनी आपल्या खरेदी-कर्मचाऱ्यास त्या पाठास अवश्य पाठवावे, ही नम्र विनंती.