वृद्धिघटकाचे इंजेक्शन : पांढऱ्या पेशींना आधार आणि त्याची मर्यादा

केमोथेरपीची औषधे वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींचा नाश करतात. अस्थिमज्जेतील रक्तपेशी घडवणाऱ्या पेशीही तशाच वेगाने वाढत असल्याने कर्करोगाबरोबर त्यांनाही हा आघात सोसावा लागतो. जंतूंशी प्रथम झुंजणाऱ्या ‘न्यूट्रोफिल’ या पांढऱ्या पेशी तर अल्पायुषी असतात. म्हणून बहुधा ७ ते १४ दिवसांत त्यांची संख्या नीचांकी होते. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सामान्यतः १५०० हून अधिक असणाऱ्या या पेशी ५०० च्या खाली गेल्यास किरकोळ संसर्गही प्राणावर बेतू शकतो.

अशा वेळी ‘जी-सीएसएफ’ हा वृद्धिघटक उपयोगी पडतो. तो मूळचा आपल्या शरीरातीलच प्रथिन-घटक होय. मेलबर्न येथील डोनाल्ड मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटकांच्या संशोधनाचा पाया घातला. १९९१ मध्ये ‘फिल्ग्रास्टिम’ या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. हे औषध अस्थिमज्जेतील अपरिपक्व पेशींना त्वरेने वाढण्यास व रक्तात उतरण्यास प्रवृत्त करते. धोक्याचे दिवस त्यामुळे कमी होतात आणि केमोथेरपीचे पुढील सत्र वेळेवर देणे सुकर होते.

रुग्णांच्या नातेवाइकांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. हे इंजेक्शन केमोथेरपीनंतर किमान २४ तासांनी दिले जाते. अन्यथा नव्याने वाढणाऱ्या पेशीच औषधाला बळी पडतील. पहिल्या एक-दोन दिवसांत दिसणारी वाढ मुख्यतः अस्थिमज्जेतील साठ्याची असते. तेवढ्यावरून इंजेक्शने परस्पर थांबवू नयेत. हाडे दुखणे हा त्याचा नेहमीचा त्रास असून तो डॉक्टरांना सांगावा. प्रत्येक रुग्णास या औषधाची गरज नसते. संसर्गाची जोखीम पाहूनच ते दिले जाते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे इंजेक्शन न्यूट्रोफिल वाढवते. प्रतिकारशक्तीचा दुसरा आधार असलेल्या लिम्फोसाइट पेशींची उणीव ते भरून काढत नाही. म्हणून इंजेक्शन घेतलेल्या रुग्णालाही १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. प्रतिजैविकांचा पहिला डोस जितक्या लवकर मिळेल, तितका रुग्ण सुरक्षित. देणगीदारांच्या साहाय्याने गरजू रुग्णाला इंजेक्शन मिळू शकते. ताप ओळखून वेळेवर धाव घेणे मात्र घरच्यांच्याच हाती असते. या दोहोंची सांगड पडावी, हीच आमची अपेक्षा.