तारीख लिहिताना गाव विसरू नकोस

अगं, चेहरा असा का उतरलाय? फॉर्ममध्ये १४ नोव्हेंबर ही जन्मतारीख भरली आणि डेटाबेसात १३ दिसतेय, एवढंच ना? मग बिघडलेलं काही नाही. ऐरोली ते महापे पट्ट्यात कोड लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या पत्रिकेत हा ग्रह एकदा येतोच. आधी चहा घे.

खरं सांगू का, माझा पराक्रम तुझ्याहून मोठा आहे. २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता. त्या सकाळी ग्राहकांना शुभेच्छा जाव्यात म्हणून मी जावास्क्रिप्टमध्ये अगदी ठसक्यात २०२४, ४, ९ असे आकडे भरले. एप्रिल चौथा महिना, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण जावास्क्रिप्टच्या घरी जानेवारी शून्य, म्हणजे ४ हा मे! पाडव्याला मी श्रीखंड-पुरी खाऊन निवांत झोपले. आणि ९ मेला, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, लोकांना गुढीपाडव्याच्या शुभेच्छा गेल्या. एका काकांचं उत्तर आलं, ‘पुढच्या वर्षीच्या आगाऊ शुभेच्छांबद्दल आभार.’ दोन दिवस मी कॅन्टीनमध्ये मान वर केली नाही.

आणि बघ, ही भाषा तक्रारही करत नाही. ३० फेब्रुवारी दिलीस तरी मुकाट्याने १ किंवा २ मार्च करून ठेवते. पायथन आणि जावाचं २०१४ पासूनचं लोकलडेट मात्र शिस्तीचं. तिथे एप्रिल म्हणजे ४, आणि ३० फेब्रुवारी दिसली की तिथल्या तिथे एरर. लाल अक्षरं बघून घाबरतेस ना तू? ओरडणारा कोड परवडला गं, गप्प राहून तारीख सरकवणारा नाही.

आता तुझ्या १४ ची १३ का झाली ते बघ. तुझा लॅपटॉप नवी मुंबईच्या घड्याळावर चालतो, म्हणून तू बनवलेली तारीख १४ च्या मध्यरात्रीची, रात्री बाराची. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे त्याच क्षणी यूटीसीत १३ तारखेची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले. तू टू-आयएसओ-स्ट्रिंग केलंस, त्याने इमानदारीत १३ तारीख, १८:३० असं लिहिलं, आणि तू पहिली दहा अक्षरं ठेवून बाकीचं छाटलंस. पुरावाच गेला! यापुढे कुठेही १८:३० दिसलं की ओळखायचं, ही आपलीच मध्यरात्र आहे.

मग करायचं काय? जन्मतारीख हा क्षण नव्हे, तो दिवस आहे. ती २००१-११-१४ अशी सरळ मजकूर म्हणून साठव, तिला वेळ चिकटवू नकोस. आणि दाखवताना पुन्हा डेटमध्ये घालू नकोस, नाहीतर अमेरिकेतल्या लॅपटॉपवर परत १३ दिसेल. मीटिंग, मेसेज, बिलाची मुदत हे मात्र क्षण. त्यांच्याबरोबर गाव हवंच: पुढे +०५:३० लिही, नाहीतर टाइमझोनचं नाव दे. त्या यादीत मुंबई शोधू नकोस, मी अर्धा तास शोधत होते. आपलं नाव तिथे एशिया/कोलकाता आहे.

रुसू नकोस हं! मुंबईनेही आपलं घड्याळ पुष्कळ वर्षं जपलं. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्या ३९ मिनिटं मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होता. तेव्हा कुणाला ‘दहाला ये’ म्हटलं, तर ‘कुठल्या घड्याळाचे दहा?’ हे विचारावं लागत असणार. तोच प्रश्न तू तुझ्या कोडला विचार. सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो. तिथे सकाळी ९ चं काम लावलंस तर ते आपल्याकडे दुपारी अडीचला होतं.

अजून एक. टेस्टमध्ये ‘आत्ताची वेळ’ मशीनला विचारू नकोस, तारीख तूच बाहेरून दे. २९ फेब्रुवारी दे, ३१ मार्चची रात्र दे. आणि मुदत ‘३१ मार्च, २३:५९’ अशी लिहिण्यापेक्षा ‘१ एप्रिल, ००:०० च्या आधी’ अशी लिही, म्हणजे शेवटच्या मिनिटात बिल भरणारा अडकत नाही.

आज रात्री सगळ्या फाइली उपसायला बसू नकोस, जमेल तुला. उद्या डोकं शांत असताना कोडमध्ये तारीख बनते ती प्रत्येक जागा शोध आणि दोनच प्रश्न विचार: हा दिवस आहे की क्षण? क्षण असेल तर कुठल्या गावचा? आणि जावास्क्रिप्टमध्ये महिना आकड्यात लिहिलास, तर बाई, पाडव्याआधी एकदा बोटांवर मोज. शून्यापासून.