सुट्टीत बरी होणारी कंबर कामावर पुन्हा का धरते?

प्रश्न : मी कन्हेरीत राहतो. बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. दर दोन-चार महिन्यांनी कमरेत उसण भरते. आठवडाभर रजा, पट्टा आणि गोळ्या घेतल्या की बरं वाटतं, पण कामावर रुजू झालो की पुन्हा तेच. एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ असं आलंय. काम सोडावं का?
— एक वाचक, कन्हेरी

उत्तर : विश्रांतीने बरं वाटतं, मग ते टिकत का नाही, हे तुमचं कोडं आहे. रजेत कंबर सावरते, पण जिथे ती धरली ते काम जसंच्या तसं राहतं. ओझं तेच, वाकणं तेच, घाईही तीच. शिवाय पडून राहिल्याने स्नायूंची ताकद कमी होते आणि परतल्यावर तोच भार जास्त जड जातो.

हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर धरलेल्या काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले आणि उरलेल्यांना जमेल तशी रोजची कामं चालू ठेवायला सांगितली. सर्वांत लवकर बरे झाले ते हे उरलेले. तेव्हा कळ तीव्र असताना एखादा दिवस सांभाळा, पण घरात हिंडतंफिरतं राहा.

गादीची धास्ती घेऊ नका. ती निसटून कुठे जात नाही. दोन मणक्यांमधली चकती थोडी फुगते, इतकंच. पाठ अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या शंभर जणांचे एमआरआय काढले, तरी सुमारे साठ जणांत असा फुगवटा दिसतो. विशीतल्या शंभरांतही तीस जणांत तो असतो. म्हणून नुसत्या एमआरआयवरून काम सोडण्याचा निर्णय घेऊ नये.

पट्ट्याचंही तसंच. अमेरिकेतल्या १६० दुकानांमधल्या नऊ हजारांहून अधिक माल हाताळणाऱ्यांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. पट्टा रोज बांधणाऱ्यांची पाठ इतरांइतकीच दुखत होती. पायाळू माणसाचा पाय लावून घेणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. उसण बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय त्या पायाला मिळतं.

खरा उपाय कामाच्या जागी आहे, आणि तिकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने दोन हातांनी उचलायच्या ओझ्याची शिफारस केलेली कमाल मर्यादा, सगळं अनुकूल असतानाही, २३ किलो धरली आहे. साखर कारखान्याच्या गोदामातलं पोतं मात्र ५० किलोंचं असतं. अशा ओझ्यापुढे ‘गुडघे वाकवून उचला’ एवढी शिकवण पुरत नाही. माल जमिनीऐवजी कमरेच्या उंचीवर ठेवणं, ट्रॉली वापरणं, जड नग दोघांनी उचलणं, ओझं हातात असताना कमरेतून वळावं लागू नये अशी मांडणी करणं आणि पाळीत कामांची अदलाबदल करणं, याने फरक पडतो. इजा होईल इतकं जड ओझं कामगाराला उचलायला लावू नये, असं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३४व्या कलमातच लिहिलेलं होतं. तेव्हा मालकाकडे हे मागताना संकोच कशाला?

कॅनडातल्या शेरब्रुकचा अनुभव इथे मोलाचा आहे. तिथे उपचारांच्या जोडीला कामाच्या जागेची पाहणी केली आणि कामगार, पर्यवेक्षक व तज्ज्ञांनी मिळून कामात बदल सुचवले. असे कामगार नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २.४ पट वेगाने आपल्या मूळ कामावर परतले, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं.

तुम्हीही पुढच्या खेपेला पूर्ण बरं होईपर्यंत घरी थांबू नका. कारखान्याच्या डॉक्टरांकडून कोणतं काम चालेल आणि कोणतं काही दिवस टाळायचं, हे लिहून घ्या आणि तो कागद पर्यवेक्षकाला दाखवून काही दिवस हलकं काम मागा. दुखणं उतरल्यावर रोज चालणं आणि पाठ-पोटाचे व्यायाम सोडू नका.

मात्र पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही न थांबता थेट बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. दुखण्यासोबत ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तरी लवकर तपासून घ्या, कारण मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो. यातलं काही नसेल, तर काम सोडायचं कारण नाही. कामाची पद्धत मात्र बदलून घ्या.