आजोबा म्हातारे केव्हा झाले?

एरंडोलहून जळगावला निघालेल्या ६२ वर्षांच्या एखाद्या आजोबांचे उदाहरण घेऊ. २००७ च्या केंद्रीय कायद्यानुसार ६० वर्षे पूर्ण होताच ते ज्येष्ठ नागरिक झाले, पण एस.टी.चा वाहक त्यांना पूर्ण तिकीट देतो. तेथे अर्धे तिकीट ६५ पासून, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. (आजी बरोबर असल्या तर २०२३ पासून त्यांना अर्धेच!)

शरीराचे वेळापत्रक मात्र निराळे. डोळ्यातील भिंगाची लवचिकता लहानपणापासूनच घटत जाते. चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास जवळची अक्षरे अंधुक दिसू लागतात. म्हणून तर त्या चष्म्याचे नावच ‘चाळिशी’! हाडे, कान, हृदय आपापल्या गतीने झिजतात, तीही माणसागणिक वेगळी. धावत्या गाडीत वाहकाने हे सारे कसे मोजावे? तो ओळखपत्रावरची जन्मतारीख पाहतो.